चोवीस मिलीमीटर

केदुंगवारूच्या सुतारआळीत मुस्लिखाच्या स्वभावाला नावं ठेवणारे पुष्कळ होते. तिच्या स्वयंपाकालाही ठेवत. पण तिच्या फाइलला कुणी नाव ठेवल्याचं ऐकिवात नाही. जावा बेटावरच्या जेपाराच्या या भागात आता पटाशीच्या ठकठकीपेक्षा सीएनसी मशीनची घरघरच जास्त ऐकू येते, आणि मशीन कितीही महागाचं असलं तरी ते आंधळंच. कॉम्प्युटरवर काढलेली फाइल दिली की तिच्यात असेल ते मुकाट्याने लाकडात उतरवतं. फाइलमध्ये माप चुकलं की चांगल्या सागाचं सरपण झालं म्हणून समजा. शेजारच्या वाडीतल्या एका दीडशहाण्याने एकदा इंचातली फाइल पाठवली, मशीनने ते आकडे मिलीमीटरचे म्हणून वाचले, आणि पलंगाची नक्षीदार पाठ साबणाच्या डबीएवढी कोरून निघाली. ती अजून कॉफीच्या टपरीवर आहे. लोक तिच्यावर लवंगी सिगरेटी विझवतात.

मुस्लिखाचं असं कधी झालं नाही. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ती शंभर मिलीमीटरचा एक चौकोन काढून ठेवी. आधी टाकाऊ फळीवर तो चौकोन कोरायचा, पट्टीने मोजायचा, शंभर भरला तरच पुढे जायचं, असा तिचा दंडक होता. मशीनवाले हसत, पण मोजत. "मुस्लिखाची फाइल ना? मग डोळे मिटून लाव," असं कुणी म्हटलेलं कानावर आलं की ती मनातल्या मनात फुगायची. तिच्याकडे फुगायला दुसरं फारसं काही नव्हतंच. वय चव्वेचाळीस, नवरा कालिमांतानला कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि पंधरा वर्षं पटाशी धरून धरून दोन्ही मनगटं कामातून गेलेली.

पटाशी तिच्या हातात दिली ती बापाने. तो म्बाह सारपानी, म्बाह म्हणजे आजोबा; त्या आळीतला शेवटचा मोठा कारागीर. त्याची वेल लाकडावर चढताना दिसायची, असं लोक म्हणत, आणि या बाबतीत लोक खोटं बोलत नव्हते. कामाची त्याची रीत जुनीच. तपकिरी कागदाचे ताव जोडून त्यावर पेन्सिलीने खाका काढायचा, फळीला खळ लावून कागद तिच्यावर चिकटवायचा, आणि मग कागदासकट लाकूड कोरत जायचं. काम संपेस्तोवर कागदाच्या चिंध्या होऊन जमिनीवर पडलेल्या असत आणि संध्याकाळी कोंबड्या त्या उकरत. पन्नास वर्षांत त्याने हजारभर खाके काढले असतील, पण त्यातला एकही जगात शिल्लक नव्हता.

कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायचं काम लहानपणी मुस्लिखाकडे होतं. कागद चिकटवायचा मात्र बापानेच. खळ लावलेला कागद तो लगेच फळीवर टाकत नसे, हातावर आडवा धरून थांबायचा. पोरीला खेळायला पळायची घाई.

"बापाक, टाका ना लवकर!"

"थांब गं. कागदाला पाणी पिऊ दे."

हे तिने शंभर वेळा ऐकलं असेल. म्हातारा वेळकाढू आहे, एवढाच अर्थ तिने त्यातून घेतला.

मशीनशी म्हाताऱ्याचं उभं वैर. त्याचा सगळ्यात लाडका चेला रोफी; मुस्लिखा त्याला कांग म्हणजे दादा म्हणे आणि तो तिला दिक म्हणजे धाकटी. नऊ वर्षांपूर्वी त्याने घरची गाय आणि बायकोच्या बांगड्या विकून सीएनसी मशीन आणलं. त्या दिवशी म्हाताऱ्याने त्याला दारातूनच सांगितलं, "तू लाकूड कुरतडणारा उंदीर पाळलायस. माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही." रोफीने टाकलं नाही. ईदला तो यायचा, दाराबाहेर चप्पल काढायचा, बाहेरूनच हात जोडायचा आणि चप्पल घालून परत जायचा. पोरीने मशीनच्या फाइली काढलेल्या म्हाताऱ्याला चालत. त्याबद्दल विचारलं की तो म्हणे, "ती फक्त कागद काढते. कागद काढायला काय हरकत आहे?"

म्हाताऱ्याचं शेवटचं काम गल्लीतल्या लांगारचं होतं. लांगार म्हणजे आमचं छोटं प्रार्थनाघर. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांच्यामध्ये सागाची कोरीव भिंत उभी करायची होती. अडीच वर्षं तो ती करत होता, पैसे न घेता. दरवाजे झाले, बाजूचे खांब झाले, जाळ्या झाल्या. राहिली फक्त दरवाजावरची आडवी पट्टी, जिच्याकडे आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर पहिल्यांदा जाते. तिचा खाका काढून झाला होता. फळीही माळ्यावर तयार होती. मुस्लिखाची आई सुमिरा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या बापाच्या परसातला साग कापून चार फळ्या आणल्या होत्या. त्यातल्या तीन घरातल्या माच्याला आडव्या बसवल्या आणि चौथी कशाला तरी लागेल म्हणून वर ठेवली होती. सुमिराला जाऊन आता अकरा वर्षं झाली. ती चौथी फळी कशाला लागणार हे म्हाताऱ्याने कधीच ठरवून ठेवलं होतं.

खळ शिजवायला सांगायच्या आदल्या दिवशी त्याची उजवी बाजू गेली, आणि बाजूबरोबर वाचाही. महिन्याने दुसरा झटका आला. आता तो माच्यावर पडून असे, चमच्याने पेज घेई, आणि डाव्या हाताची बोटं तेवढी हलवी. दवाखान्यातल्या बाईंनी मुस्लिखाला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आता दिवसांचा हिशेब आहे. आठवड्यांचा नाही."

लांगारचे प्रमुख हाजी मसरूखान भला माणूस. रोजे लागायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी भिंत सगळ्यांसाठी खुली करायची, असं ठरलेलं होतं. ते म्हणाले, "पट्टीच्या जागी तात्पुरतं प्लायवूड लावू. त्यात काय कमीपणा आहे?" मुस्लिखा घरी आली तेव्हा म्हातारा तिच्याकडे बघत होता. वाचा गेल्यापासून तो रोज एकच गोष्ट विचारायचा. डाव्या हाताने हवेत एक आडवी रेघ ओढायचा, म्हणजे पट्टी. झाली का?

तिला एकच गोष्ट हवी होती. म्हाताऱ्याचे डोळे उघडे आहेत तोवर ती पट्टी जागेवर बसलेली त्याला दाखवायची. बाकी तिने देवाकडेही काही मागितलं नसतं.

हाताने कोरायला तीन आठवडे लागले असते, आणि तिची मनगटं तीन तासही टिकली नसती. दुसऱ्या कारागिराला दिलं तर त्याचा हात त्यात येणार. मशीनला स्वतःचा हात नसतो, फाइलमधली रेघ जशी आहे तशी ते ओढतं. बापाची रेघ जशीच्या तशी लाकडात यायची असेल तर मशीनच, असं तिने स्वतःला पटवलं आणि मग म्हाताऱ्याला सांगितलं, "बापाक, मी कांग रोफीच्या मशीनवर करून घेते. दुसरा इलाज नाही."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने पाच मिनिटं वाट पाहिली. मग माळ्यावरून फळी खाली काढली.

शनिवार-रविवार तिने फाइलला दिले. खाका जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना मापाचे चौकोन ठेवले, वरून फोटो काढले, कॉम्प्युटरवर त्यांचं वाकडेपण काढून टाकलं आणि एकेक पान, एकेक देठ गिरवलं. म्हाताऱ्याचा हात एका ठिकाणी थरथरला होता, ती थरथरही तिने तशीच ठेवली. शेवटी कागदावरचं अंतर आणि फाइलमधलं अंतर बारा ठिकाणी ताडून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता. इतकी नेमकी फाइल तिने जन्मात काढली नव्हती.

सोमवारी सकाळी रोफीने फाइल उघडली आणि त्या थरथरलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "हा त्यांचाच हात आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "दिक, तिथली चौकट मोजलीस ना? जिथे ही बसायची ती?"

"खाका आहे ना बापाकचा. चौकट कशाला मोजू?"

"मोजून ये की. मापपट्टी काय चावते?"

"त्यांच्या खाक्यावर शंका म्हणून मापपट्टी लावू? तू लावली असतीस?"

"एकदा लावली होती."

"मग?"

"कानाखाली बसली होती." तो हसला आणि त्याने मशीन सुरू केलं.

आमच्याकडे उस्तादाच्या खाक्याला माप लावत नाहीत. नमाजाची दिशा बरोबर आहे का, असं मौलवीला विचारण्यासारखं ते होईल. रोफीने शंभराचा चौकोन कोरला. तो शंभर भरला. मग फळी लावली आणि संध्याकाळच्या अजानपर्यंत मशीन चालत राहिलं. मुस्लिखा जागची हलली नाही. भुशातून वेल वर येत होती आणि ती बापाचीच होती, त्या थरथरलेल्या पानासकट. तिला रडू आलं. रोफीने तोंड पुसायला फडकं दिलं, ते ग्रीसचं निघालं.

मंगळवारी सकाळी पट्टी लांगारमध्ये नेली. हाजी होते, शिडी धरायला दोन शेजारी होते. रोफीने पट्टी उचलून चौकटीत सरकवली. उंचीला ती चपखल बसली. लांबीला बसली नाही. एका बाजूला टेकवली तर दुसरीकडे बोट आरपार जात होतं.

मुस्लिखाने तेव्हा पहिल्यांदा चौकटीला माप लावलं. एक हजार सहाशे. पट्टी एक हजार पाचशे शहात्तर. चोवीस मिलीमीटर कमी.

शिडी धरलेले दोघे शेजारी दुसरीकडे बघू लागले. तेच तिला जास्त लागलं. मग तिने रोफीवर तोंड सोडलं. "तुझं मशीन आडवं मोजताना खातं! नऊ वर्षांचं खटारं ते, पट्टा सैल झाला असेल! माझ्या आईची फळी होती ती!"

"दिक, चौकोन तू स्वतः मोजलास. दोन्ही बाजूंनी."

"मग उंची बरोबर आणि लांबी कमी, हे कसं? स्केल चुकली असती तर दोन्ही चुकले असते!"

"तेच तर मलाही कळत नाही," तो खाली बघत म्हणाला.

ती धावत घरी गेली, खाका घेऊन आली, लांगारच्या फरशीवर पसरला आणि पट्टी त्यावर आडवी ठेवली. कडेला कड, पानाला पान. मशीन बरोबर होतं. फाइल बरोबर होती. चुकला होता तो खाका. म्हणजे चुकला होता तो तिचा बाप. झटका येण्याआधीच त्याचा अंदाज गेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. हे मनात आलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. फळी गेली याचं दुःख एक वेळ तिने गिळलं असतं. पण म्हातारा ज्या गोष्टीवर आयुष्यभर ताठ मानेने जगला, तीच शेवटी त्याला सोडून गेली होती.

हाजी शेजारी उकिडवे बसले. "मुस्लिखा, दोन्ही बाजूंना बारा-बारा मिलीमीटरच्या पट्ट्या ठोकू. रंग लावला की दिसायचं नाही."

"दिसेल."

"कुणाला दिसेल गं?"

"त्यांना दिसेल," ती म्हणाली. "आणि आळीतल्या प्रत्येकाला दिसेल. सारपानीचं शेवटचं काम ठिगळ लावून बसवलं म्हणतील. त्यापेक्षा तुमचं प्लायवूड बरं."

दुसरी फळी नव्हती. आता तेवढ्या रुंदीचा जुना साग बाजारात मिळत नाही, आणि मिळाला तरी तो सुमिराच्या बापाच्या परसातला नसता. दुपारी खाक्याची गुंडाळी काखेत मारून ती घरी आली. म्हातारा जागाच होता. त्याने हवेत आडवी रेघ ओढली.

"बसली, बापाक," ती म्हणाली. "छान बसली."

आयुष्यात ती बापाशी कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून तिला ते नीट जमलं नाही. तिने फोनवर पट्टीचा फोटो दाखवला, तोही नुसत्या मधल्या वेलीचा, कडा न दिसणारा. म्हाताऱ्याने फोटोकडे बघितलंच नाही. तो तिच्या काखेतल्या गुंडाळीकडे बघत होता. बोटांनी खूण केली, उघड.

तिने खाका त्याच्या छातीवर उलगडला. कागद कोरा करकरीत, ना घडी, ना डाग, ना खळीचा ओघळ. म्हातारा त्यावरून बोटं फिरवत राहिला. मग त्याच्या घशातून असा आवाज निघाला की ती घाबरली. त्याने डावा हात तोंडाकडे नेला, मग पाण्याच्या भांड्याकडे.

"पाणी हवंय? देते हं."

तिने चमचा तोंडाशी नेला. त्याने ओठ घट्ट मिटले. पुन्हा नेला, त्याने मान फिरवली. "मग हवंय काय तुम्हाला?" ती ओरडलीच. सकाळपासूनचं सगळं त्या ओरडण्यात आलं. "मला कळत नाही हो, बापाक! मला काहीच कळत नाही!"

म्हाताऱ्याने भांड्यात बोटं बुडवली आणि ओली बोटं खाक्याच्या कडेला पुसली. पुन्हा बुडवली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तिने त्याचा हात धरला, खाका खराब होईल म्हणून, कारण त्याच्या हातचा तो एकच कागद उरला होता. आणि तिला दिसलं. जिथे पाणी लागलं होतं तिथे कागदाची कड फुगून आली होती. कोरड्या भागाच्या मानाने ती लांब झाली होती, मावेना म्हणून लाटा घेत होती.

कागदाला पाणी पिऊ दे.

ती उठली ती थेट माळ्यावर. त्याच कागदाच्या तावाची उरलेली पट्टी शोधून काढली, चारशे मिलीमीटर कापली, पाण्यात बुडवली, थांबली आणि मोजली. चारशे सहा. आडवी कापून बुडवली तर चारशेच्या चारशे. कागद एकाच दिशेने वाढत होता. सोळाशेच्या मागे चोवीस.

म्हणजे म्हातारा चुकला नव्हता. पन्नास वर्षं तो प्रत्येक खाका तेवढाच आखूड काढत आला होता, कारण खळीचं पाणी पिऊन कागद चौकटीएवढा व्हायचा आणि मगच फळीवर बसायचा. हे त्याने कुणाला शिकवलं नाही. त्याला वाटलं असेल, समोर रोज बघतात, कळलं असेल. रोफीला कळलं नाही. तिलाही नाही, आणि खळ तर तीच शिजवत होती. खाका कधी उरायचाच नाही, तर त्याच्याशी पट्टी ताडून बघणार तरी कोण? तिने तो कोरडा कागद बारा ठिकाणी मोजला आणि बापाचा हिशेब केसाच्याही फरकाशिवाय पुसून टाकला.

बापाला तिने मनातल्या मनात मोडीत काढलं होतं, तेही चारचौघांत, लांगारच्या फरशीवर बसून. खाली आली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली. "मी चोवीस मिलीमीटरने खोटी पडले, बापाक. फळी गेली. आईची फळी मी वाया घालवली. बसली नाही ती. खोटं बोलले मी."

म्हातारा माच्यावर हात आपटू लागला. आधी तिला वाटलं, राग आला. यावा की. पण तो थांबेना. तळहात आपटायचा, तिच्याकडे बघायचा, पुन्हा आपटायचा. हात पडत होता तो फळीवर, त्याच्या पाठीखालच्या मधल्या फळीवर. चारांतल्या उरलेल्या तीन फळ्यांपैकी एकीवर.

"नाही," मुस्लिखा म्हणाली. "तुम्ही झोपलायत तिच्यावर."

तो आपटत राहिला.

"वेड लागलंय का तुम्हाला? तुमच्या खालची फळी काढू मी? लोक काय म्हणतील?"

त्याच्या तळव्याची आग झाली असेल, तरी हात थांबला नाही. शेवटी तिनेच तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "बरं. बरं. आणते त्याला."

रोफी आला आणि सवयीने दाराबाहेर थांबला, चप्पल काढून. मुस्लिखा आतून म्हणाली, "ये. बापाक एकटीला उचलता येत नाहीत मला."

"त्यांना विचार आधी."

म्हाताऱ्याने बोटं हलवली. रोफी नऊ वर्षांनी उंबरा ओलांडून आत आला आणि माच्याशी गुडघे टेकून बसला. त्याने म्हाताऱ्याच्या काखेखाली हात घातले, तेव्हा त्याचं डोकं म्हाताऱ्याच्या तोंडाशी आलं. म्हाताऱ्याने डाव्या हाताने त्याचा कान धरला आणि पिळला. जोर कसला असणार त्या हातात. तरी रोफी "आई गं" म्हणाला, चेला असताना म्हणायचा तसंच, आणि त्याला उचलून खाली चटईवर निजवताना त्याचे डोळे वाहत होते. मग दोघांनी मधली फळी काढली. माच्याला दारासारखं भोक पडलं. ते बघवेना, म्हणून रोफी सायकलवरून आखूड पडलेली कोरीव पट्टी घेऊन आला आणि नक्षी खाली करून त्या जागी टाकली. फळीपेक्षा ती आखूड, त्यामुळे माच्याच्या डाव्या कडेला दोन बोटांची फट राहिली. अंथरूण घातलं, म्हाताऱ्याला परत वर निजवलं.

फाइलमध्ये मुस्लिखाने एकच आकडा बदलला. आडव्या दिशेला दीड टक्क्याहून किंचित जास्त, उभ्या दिशेला काही नाही. एवढंच होतं ते. बुधवारी दिवसभर मशीन चाललं. गुरुवारी ती पटाशी घेऊन बसली, कारण मशीनने ठेवलेल्या बारीक खुणा हातानेच काढाव्या लागतात. मनगटं सुजून पुऱ्या झाली. बोटांना पटाशी कळेना, तेव्हा रोफीने शेवटची चार पानं काढली. दुपारी पट्टी चौकटीत सरकवली. शेवटची दोन बोटं राहिली तेव्हा मुस्लिखाने डोळे मिटले. लाकडाला लाकूड लागल्याचा हलका आवाज आला. तिने दोन्ही कडांवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

ती पळत घरी गेली. "बसली, बापाक! या वेळी खरंच. उद्या सकाळी खुर्चीत घालून नेतो तुम्हाला. रोफी उचलणार आहे. तुम्ही स्वतः नख लावून बघा."

म्हातारा झोपेतून डोळे उघडून तिच्याकडे बघत होता. रेघ ओढली नाही. विचारायचं काही उरलं नसावं, किंवा हात उचलत नसावा. तिने पेज भरवली. दोन चमचे घेतले.

शुक्रवारी लांगारमध्ये जेवणाच्या पातेल्यांची वाजावाज सुरू झाली होती, तेव्हा रोफी नवा सदरा घालून, खुर्ची घेऊन आला. मुस्लिखा म्हाताऱ्याला तोंड पुसायला उठवायला गेली. तो गेलेला होता. फार वेळ झाला नसावा, अंग अजून कोमट होतं.

त्याचा डावा हात अंथरुणाच्या कडेवरून खाली उतरला होता आणि बोटं त्या फटीत होती, आखूड पट्टी आणि माच्याची कड यांच्यामध्ये. तिने ती काढायला हात धरला. बोटं सरळ नव्हती. आत वळून पट्टीच्या खालच्या अंगाला, नक्षीच्या पहिल्या पानापर्यंत पोचलेली होती. कधीपासून तो ते पान चाचपत होता, कुणास ठाऊक. तीन रात्री तो त्याच्यावर झोपला होता आणि तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिची चूक मोजत होता की स्वतःची वेल ओळखत होता, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

दुपारी त्याला लांगारमध्ये नेलं. जनाजा कोरीव दरवाजातून आत गेला तेव्हा खांदा देणाऱ्यांच्या सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. बायकांच्या बाजूने मुस्लिखाही बघत होती. वरची पट्टी कडेला कड लावून बसली होती, खाली तिचा बाप होता, आणि त्याचे डोळे मिटलेले होते. हाजींनी नमाजाला सुरुवात केली. ती ओळीत उभी राहिली, पण हात बांधताना सुजलेल्या मनगटाभोवती तिला तिची दोन बोटं जुळवता येईनात.

माच्यातली ती पट्टी नंतर रोफीने मागितली, भिंतीवर लावायला. तिने दिली नाही. ती अजून तिथेच आहे, नक्षी खाली करून. मुस्लिखा आता त्याच माच्यावर झोपते.